आपापल्या मिलचा भोंगा

बेटम्याहून इंदूरला येणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये निवेदिताला खिडकीची जागा मिळाली होती, आणि ती सोडायची तिची मुळीच इच्छा नव्हती. शाळेत दिवसभर मुलांकडून पाढे घोकून घेऊन तिचा घसा बसला होता. इतक्यात कुणीतरी डोक्यावरून म्हणालं, "मॅडम, जरा खिडकी देता का? ढग चाललाय ना!"

"जाऊ द्या की. त्यालाही घर असेल."

तो हसला, आणि खिडकीच्या गजांना कॅमेरा टेकवून फोटो काढून मोकळासुद्धा झाला. उन्हानं रापलेला चेहरा, केसांत धूळ, आणि डोळे मात्र... नको तितके बोलके!

त्याचं नाव मानस. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे स्टुडिओवाले गुलाबी आभाळ जोडतात, ते टिपायला तो धार-मांडूपर्यंत भटकायचा.

"म्हणजे लग्न लोकांचं, आभाळ तुमचं?"

"धंदाच असा आहे जी, क्या बताऊं!"

मग ती बस दोघांची झाली. दोघांचेही वडील मिलमध्ये होते, फक्त मिल वेगळ्या. दोन्हींना कुलूप लागलं तेव्हापासून वडील दिवसभर घरात आणि मुलं दिवसभर बाहेर, हीच दोन्ही घरांची तऱ्हा. थकव्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. कधी तो सीटवर तिच्यासाठी रुमाल टाकून ठेवायचा, कधी ती डब्यातला शेवटचा पराठा त्याच्यासाठी राखायची — आणि दोघंही तसं काही नाहीच, असं दाखवायची.

दिवाळीनंतर एकदा मानस म्हणाला, "दिल्लीच्या एका कॅलेंडरवाल्याचं काम मिळालंय. कच्छ, लडाख... साल भर फिरायचं. शुक्रवारी सकाळी निघतोय."

निवेदितानं हातातला डबा पिशवीत टाकला. "रविवारी मला बघायला देवासचे लोक येतायत," ती म्हणाली. "मुलगा बँकेत आहे. मी... हो म्हणेन बहुतेक. नाही म्हणायला पण ताकद लागते, मानसजी."

त्यानं पुढे कंडक्टरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शुक्रवारी लालबाग महालाच्या फाटकाशी याल? एक बोलायचंय. इथे कंडक्टर भिया कान लावून बसलाय."

"कधी?"

"सकाळच्या भोंग्याला."

"येते."

घ्या! जन्मभर भोंग्यावर उठलेली ही माणसं. भोंगा बंद पडून वर्ष लोटलं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आणि प्रत्येक मिलचा भोंगा वेगळ्या वेळी व्हायचा, हे तर त्याहून नाही.

शुक्रवारी ती आपल्या बाबांच्या वेळेनं निघाली, तेव्हा चांगलं उजाडलं होतं. अर्ध्या वाटेत तिला आठवलं. मानसच्या मिलचा भोंगा तर अंधारातच व्हायचा! मग ती लोकलाज सोडून धावत सुटली.

फाटकाशी, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन तो बसला होता. डोळे लाल झालेले, गारठ्यानं ओठ फुटलेले.

"तुमची बस?"

"गेली."

"मग थांबलात कशाला?"

"उशिरा ट्यूबलाइट पेटली, तुमची मिल दुसरी. म्हटलं, इंदूरच्या सगळ्या मिलांचे भोंगे होईपर्यंत बसू. कुठल्या तरी एकाला याल ना!"

तिला हसू आलं, आणि रडूही. ते लपवायला ती म्हणाली, "आज सूर्योदय काय झाला, नाही? नुसतं केशर! किती फोटो काढले?"

"एकही नाही."

"अहो, का?"

"सूर्य माझ्या पाठीमागे होता, तुमचा रस्ता समोर. मी तिकडे वळलो असतो, अन् तेवढ्यात तुम्ही येऊन परत गेला असता तर...?"

निवेदिता त्याच्या शेजारी बसली. घरच्यांसाठी, शाळेसाठी, बससाठी ती नेहमी थांबत आली होती. तिच्यासाठी कुणी थांबलं, असं आजच घडत होतं. ते इतकं सुखाचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"काय बोलायचं होतं?" तिनं विचारलं.

"ते... म्हणजे... साल भर..."

"थांबेन."

त्यानं डोळे मिटले, आणि थकलेलं डोकं भिंतीला टेकवलं.

"दुपारी दुसरी बस आहे," तो पुटपुटला.

"झोपा तोवर. मी उठवते." तिनं आपली शाल त्याच्यावर घातली. "आणि रविवारचं... ते आज घरी गेल्या गेल्याच सांगून टाकते. नाही म्हणते."