टॉवर नंबर सत्तेचाळीसवरचा चौथा माणूस

ज्यांना थापा वाटतील त्यांना वाटू द्या. प्रेमदास थूल हे सांगत होते तेव्हा त्यांच्या हातातला चहा निवून गेला होता, आणि त्यांनी एक घोटही घेतला नव्हता. खोटं बोलणारा माणूस असा बसत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

गुरुवार, १९ जानेवारी २०२३. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. अल्लीपूरच्या पुढे, कापसाच्या शेतातला टॉवर नंबर सत्तेचाळीस.

प्रेमदास हाय व्होल्टेज लाइनच्या कामावर सुपरवायझर. बावीस वर्षांची नोकरी. त्या दिवशी एकशे बत्तीस केव्हीची लाइन बंद करून घेतली होती आणि त्यांची तीन माणसं टॉवरवर चढली होती. राकेश, रामाजी आणि सगळ्यात वर नत्थू. तारा टांगायच्या चिनी मातीच्या चकत्या तडकल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या.

या कामात एक नियम जिवापलीकडे पाळतात. सुपरवायझर फोन करून "माणसं उतरली" म्हणेपर्यंत सबस्टेशनवर कोणी स्विचला हात लावायचा नाही. शिवाय वर तारांना अर्थिंगचे रॉड अडकवलेले असतात. चुकून करंट आलाच तर जमिनीत जातो. माणूस वाचतो.

प्रेमदास बांधावर उभे राहून वर बघत होते.

वारा पडला होता. कापसाच्या पऱ्हाटीचं पानही हलत नव्हतं.

फोन वाजला.

सबस्टेशनवरून यामिनी मॅडम. तिथल्या ऑपरेटर.

"थूल साहेब, पक्कं सांगा. किती माणसं उतरली?"

"उतरली? मॅडम, सगळे वरच हायेत अजून."



"आत्ता तुम्हीच तर फोन केला ना मले. म्हणाले, काम झालं, चौघंही उतरले, लाइन चालू करा. कामाच्या परमिटवर तर तीनच नावं आहेत. म्हणून विचारून राह्यली."

"मी नाई केला फोन."

"नंबर तुमचाच आहे, साहेब. आवाजही तुमचाच…"



"स्विचले हात नका लावू! मॅडम, माझ्याच आवाजात कोणी सांगितलं तरी नका लावू! मी सोता समोर येऊन सही करीन, तेव्हाच."

त्यांनी फोन ठेवला आणि वर पाहिलं.

राकेश. रामाजी. नत्थू.

तिघंच.

पण एक रॉड सुटून दोरीला लोंबत होता. दुसराही… नत्थू तिसऱ्याकडे सरकत होता. मध्येच शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वळवायचा. हो हो म्हणायचा.

जसं कोणी त्याला सांगतंय.

"नत्थू! रॉड काऊन काढून राह्यला बे?"

"तुम्हीच तं म्हणून राह्यले साहेब, काढ म्हणून!" नत्थू वरूनच बोलला.

आणि थबकला.

आवाज खालून आला होता.

त्याने खाली पाहिलं. शंभर फुटांवरून, थेट प्रेमदासकडे.

मग शेजारी पाहिलं.

मग पुन्हा खाली…

तो ओरडला नाही. हात तेवढे सुटले.

बेल्टने धरलं म्हणून वाचला. लोखंडावर आपटला, खांदा मोडला, उलटा लटकत राहिला. राकेश आणि रामाजीने त्याला दोरीने खाली आणेपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात त्याने डोळे उघडले नाहीत. शुद्धीत होता, तरी नाही.

दवाखान्याची गाडी गेल्यावर प्रेमदासनी विचारलं, "राकेश, वर कोण होतं?"

राकेश त्यांच्याकडे बघेना.

"तुम्हीच होते, साहेब. जेवण झाल्यावर आमच्या मागंच चढले. म्या म्हटलं, या वयात साहेब काऊन चढून राह्यले? वर जाऊन पाठ करून बसले… फोनवर बोलत होते."

रामाजीनेही होकाराची मान हलवली.

प्रेमदासनी आपला फोन तपासला. सबस्टेशनला लावलेला एकही कॉल नव्हता. यामिनी मॅडमच्या फोनमध्ये मात्र होता. तीन वाजून सात मिनिटं. अठ्ठेचाळीस सेकंद.

चौकशी झाली. सुपरवायझरने घाईघाईत चुकीचा फोन केला, असं कागदावर आलं. प्रेमदासनी खाली सही केली. दुसरं सांगणार तरी काय?

त्या टॉवरवर पूर्वी कोणी मेलं होतं का, हेही त्यांनी गावात विचारलं. शेतमालक रूपरावांनी साफ सांगितलं, टॉवर उभा झाल्यापासून तिथे कोणाला साधं खरचटलंही नाही.

वीस दिवसांनी ते सिंदी रेल्वे या गावी नत्थूच्या घरी गेले. त्याची बायको पंचफुला अंगणात भांडी घासत होती. त्यांना पाहून तिचा हात थांबला.

"हे कोणालेच भेटत नाई, साहेब. तुमचं नाव निघालं का थरथर कापतेत."

तरी प्रेमदासनी दारावर थाप मारली.

"नत्थू, मी हाय. प्रेमदास."

आत खाट करकरली. पावलं दारापर्यंत आली. कडी मात्र निघाली नाही.

"साहेब…" दाराला तोंड लावून नत्थू हळूच बोलला. "आधी सांगा. तुम्ही खालचे का वरचे?"

‘खालचा’ म्हणायला प्रेमदासनी तोंड उघडलं…



वरच्यानेही हेच उत्तर दिलं असतं. याच आवाजात.

ते तसेच मागे फिरले. नत्थूची भेट अजून झालेली नाही. आणि आजही फोनवर स्वतःचं नाव सांगण्याआधी प्रेमदास थूल क्षणभर थांबतात…