थेट घरी आलो

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. त्या संध्याकाळी मी तिथे होते.

२४ डिसेंबर. फिलिपिन्समधलं सान फर्नांदो. ख्रिसमसचे कंदील बनवायचा आमचा कारखाना.

मालक माझे मामा, मेलेन्सियो. त्यांचे कंदील गावभर लागायचे, स्वतःच्या दारात मात्र एक नाही. मुलगी आम्पारोने रिक्षावाल्याशी लग्न केलं आणि तिला फाटक कायमचं बंद झालं. दर ख्रिसमसला ती लेकीला, मायुमीला, तिच्या लोलोंकडे म्हणजे आजोबांकडे घेऊन यायची. आमच्या रीतीप्रमाणे वडिलांचा हात कपाळाला लावायचा, आशीर्वाद घ्यायचा, एवढंच तिचं मागणं. मामा कुलूप काढायचे नाहीत.

"उघड रे, पोर ताटकळलीय," असं म्हणून भांडणारे एकटे क्रिसान्तो. मामांचे भागीदार.

ते क्रिसान्तोच वारले.

मयताच्या घरून आम्ही दोघं निघालो. आमच्याकडे अशा वेळी थेट घरी येत नाहीत. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे गेलेला माणूस माग चुकतो.

"मामा, कोपऱ्यावर कॉफी घेऊ या ना."

"का, घरी कॉफी नाही? क्रिसान्तो जिवंतपणी दोन पावलं चालायला कुरकुरायचा, आता काय येतोय मागे!"

थेट घरी आलो.

दार उघडलं आणि... मेणबत्त्यांचा वास.

घरात एकही मेणबत्ती नव्हती.

मग... खुर्ची सरकल्याचा आवाज. अजून एक. अजून एक.

मामांनी दिवा लावला. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. आमच्याकडे खुर्च्या चारच होत्या!

सगळ्या रिकाम्या.

आणि समोर... शवपेटी.

मी दारातच थांबले. मामा पुढे गेले. आत डोकावले.

"कोण आहे, मामा?"

"मी."

त्यांनी रिकाम्या रांगांकडे पाहिलं. लहान मुलासारखा आवाज निघाला त्यांचा. "कुणीच कसं आलं नाही गं?"

तेवढ्यात आमच्या मागून... अगदी कानाशी...

"उघड रे."

फाटक वाजलं. बाहेर आम्पारो उभी होती, दरवर्षीसारखी.

मामा धावत सुटले. किल्ली हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. कसंबसं फाटक उघडलं आणि त्यांनी हात पुढे केला. आम्पारोने तो कपाळाला लावला आणि हुंदका फुटला तिला. मलाही रडू आवरेना.

मग छोट्या मायुमीने हात कपाळाला लावला. दोन पावलं पुढे गेली. मामांच्या मागे, मोकळ्या जागेत, पुन्हा तशीच वाकली.

"तिथे कुणाला गं?"

"त्या दुसऱ्या लोलोंना. ते पण हात पुढे करून उभे होते ना."

आम्ही मागे पाहिलं. कुणी नव्हतं. घरात ना खुर्च्या, ना पेटी.

सगळे एकत्र जेवलो. मामा कितीतरी वर्षांनी हसत होते. नातीला घास भरवता भरवता हळूच विचारलं, "त्या लोलोंचा हात गार होता का गं?"

"नाही. तुमचा गार होता."

त्या दिवसापासून मामा पार बदलले. फाटक सताड उघडं असतं, घर नातेवाइकांनी भरलेलं. मला खूप बरं वाटतं, खरंच. पण त्यांचा हात कपाळाला लावायची वेळ आली की... मी अजून डोळे मिटून घेते.