तो कोंडा नव्हताच!

"ती बाटली घेऊ नका."

आवाज माझ्या मागून आला. औषधाच्या दुकानात ही गर्दी, आणि मी नुकतंच काउंटरवर वाकून अगदी हळू सांगितलं होतं, कोंड्यावरचा सगळ्यात कडक शांपू द्या. इतकं हळू, की दुकानदारानं कानामागे हात धरून खणखणीत आवाजात विचारलं, "काय? कोंड्यावरचा?" झालं! अख्ख्या दुकानाला बातमी कळली.

आणि वर हा.

मी वळले. उंच, किडकिडीत, चष्मा, आणि चेहऱ्यावर असा भाव, जणू माझ्यावर उपकारच करतोय.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. पण तुमच्या खांद्यावर जे पडलंय ना, ते मला—"

"माझ्या खांद्याकडे बघायचं कारण?"

"मी तुमच्या मागेच उभा आहे," तो म्हणाला. "दुसरीकडे बघायला जागाच नाही."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. मी बाटली उचलली, पैसे आपटले आणि बाहेर पडले. आगाऊ कुठला!

मी पोहायला शिकवते. सकाळी लहान मुलांची बॅच, संध्याकाळी मोठ्या माणसांची. माशाच्या खालोखाल पाण्यात कुणी राहत असेल तर मी. आणि तरी गेले काही आठवडे माझ्या डोक्यातून पांढरं पांढरं झडत होतं. गडद निळा ट्रॅकसूट, त्यावर तर ते असं उठून दिसायचं की विचारू नका. खाज सुटायची, आणि ती चारचौघांत दाबून ठेवायची. मी शांपू बदलले, एकापेक्षा एक कडक आणले. आई म्हणायची, "डोकं नीट धूत नसशील." मी! दिवसातून दोनदा डोकं धुणारी मी!

त्याच दिवशी संध्याकाळी नवीन बॅच सुरू झाली. उथळ बाजूच्या पायऱ्यांवर एक जण कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. चष्मा नव्हता, पण मी ओळखलं. त्यानंही ओळखलं.

"अरे देवा..." तो पुटपुटला.

"देवाला पोहता येतं का, मला माहीत नाही. मला येतं. उतरा."

"इथून नाही का शिकता येणार?"

"पायरीवरून? येईल की. आंघोळ करायला."

तो उतरला. पाणी छातीला लागताच त्यानं माझं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी गार होती. दुकानातला सगळा रुबाब कुठच्या कुठे पळाला होता.

"सोडाल ना... म्हणजे, सोडू नका," तो म्हणाला.

"एकदा काय ते ठरवा."

"माझी भाची मस्त पोहते हो. आणि मला काठावर बसून तिचा टॉवेल धरावा लागतो. किती दिवस धरायचा?"

मला हसू आलं. मी ते लगेच गिळलं. "आणि बाकी वेळ काय करता? लोकांच्या खांद्यांची पाहणी?"

"जवळपास तेच. त्वचेचा डॉक्टर आहे मी."

"मग दुकानात सांगायचं नाही?"

"तुम्ही सांगू दिलंत?"

उत्तर म्हणून मी त्याला पाण्यात तोंड बुडवायला लावलं.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरनं मला खोलीत बोलावलं. टेबलावरचा पेपरवेट फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एका मुलीच्या आईची तक्रार आली आहे. तुमच्या... डोक्याची."

"डोक्याची?"

"कोंडा. तो लागतो म्हणे एकमेकांना. मुलं त्याच पाण्यात... तुम्ही समजून घ्या. सध्या पाण्यात उतरू नका, काठावरून शिकवा. महिनाअखेरीला पालकांची सभा आहे. तेव्हा ठरवू, मुलांची बॅच कुणाला द्यायची ते."

काठावरून! घाबरलेल्या पोराच्या पोटाखाली हात धरल्याशिवाय त्याला पाण्याचा धीर येत नाही, हे ज्याला माहीत नाही तो माणूस तलाव चालवतो. तो मला शिट्टी फुंकायला सांगत होता! आणि ती आई... रोज माझ्याशी गोड हसायची. माझ्या तोंडावर एक शब्द नाही, आणि तक्रार मात्र थेट वर.

घरी गेले ती सरळ न्हाणीघरात. कढत पाणी घेतलं, ती नवी बाटली घेतली आणि डोकं घासलं. पुन्हा घासलं. फेस डोळ्यांत गेला, आणि रडू कशामुळे येतंय ते कळेना. सकाळी उठले तर डोक्याची नुसती आग. उशीवर पीठ सांडावं तसं पांढरं पसरलेलं.

बॅचच्या फॉर्मवरून पत्ता काढून मी तशीच त्या त्वचेच्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले.

"बघा," म्हटलं. "दुकानात फार बघायचं होतं ना? आता बघा."

तो हसला नाही. मला खुर्चीवर बसवलं, दिवा जवळ ओढला आणि बोटांनी केस बाजूला करत गेला. इतक्या हलक्या हातानं, की माझा राग एक क्षण वाटच चुकला. मान आपोआप स्थिर झाली. त्याचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

"रोज धुता?"

"दोनदा. काल... जास्त."

"गरम पाण्यानं?"

"कढत."

"आणि धुतल्यावर बरं वाटतं? की कातडी ओढल्यासारखी होते?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "ओढल्यासारखी. पार कपाळापर्यंत."

त्यानं माझे कोपर पाहिले. तेही कोरडे, पांढरट. मग समोर येऊन बसला.

"हा कोंडा नाही. कोंड्याचे पापुद्रे जरा मोठे असतात. पिवळसर, तेलकट, केसांच्या मुळाशी चिकटून बसणारे. खाली कातडी लालसर होते. कधी भुवयांत, नाकाच्या कडेलाही होतो. आणि डोकं धुतलं नाही की वाढतो. तुमचं उलटं आहे. बारीक, कोरडं, पिठासारखं झडतंय, आणि जितकं धुताय तितकं वाढतंय. क्लोरीननं आधीच कातडी कोरडी झालेली. त्यावर तुम्ही करपलेलं पातेलं घासावं तसं डोकं घासताय."

"म्हणजे... मला कोंडा नाहीच?"

"नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी उसळले. "मग इतके दिवस सगळ्यांनी मला काय काय ऐकवलं! आई, दुकानदार, तक्रार करणारी ती बाई, पालकांच्या सभेत माझी बॅच काढायला निघालेला तो पेपरवेटवाला मॅनेजर! आणि मीही मुकाट्यानं बाटल्या आणत राहिले!" दम लागला. मग जे मनात खुपत होतं ते बाहेर आलं. "आणि असता तर? समजा, खराच कोंडा असता, तर मी घाणेरडी ठरले असते का?"

त्यानं हातातलं भिंग खाली ठेवलं.

"नाही. कोंडा काही घाणीमुळे होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. मलासुद्धा होतो."

"तुम्हाला?"

"परीक्षेच्या दिवसांत तर पुस्तकावर बर्फ पडायचा."

आता मात्र हसू गिळता आलं नाही. तोही हसला. चष्म्यामागे त्याचे डोळे अगदी बारीक झाले, आणि मला उगाच वाटलं, हे आधीच का नाही बघितलं?

कडक शांपू बंद, असं त्यानं सांगितलं. सौम्य शांपू, तोही एक दिवसाआड, कोमट पाण्यानं. तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्यानं भिजवायचे, थोडा कंडिशनर लावायचा आणि वर टोपी. नखं अजिबात लावायची नाहीत.

"आणि रागाला काय लावायचं?" मी विचारलं.

"त्याला काही लावू नका," तो म्हणाला. "छान दिसतो."

मी दरवाज्यापर्यंत पोचले होते. त्यानं हाक मारली, "त्या सभेला मी येऊ? मी सांगतो त्यांना."

"नको. डोकं माझं आहे. बोलेनही मीच."

पुढचे दिवस मी काठावर शिट्टी घेऊन उभी राहिले, आतून धुमसत. संध्याकाळच्या बॅचचे सगळे पाण्यात. हा मात्र पायरीवर बसून पाय हलवत राहायचा.

"उतरा की," मी ओरडायचे.

"तुम्ही पाण्यात नाही, तर मीही नाही."

"हा काय संप आहे?"

"भीती आहे. पण संप म्हटलं की बरं वाटतं."

मग मी त्याच्या शेजारी बसायचे, पाण्यात पाय सोडून. तो भाचीच्या गोष्टी सांगायचा, मी मॅनेजरला शिव्या घालायचे. मधेच आमचे पाय पाण्याखाली एकमेकांना लागायचे आणि दोघंही समोर घड्याळाकडे बघायला लागायचो. डोक्याची आग कमी झाली. खाज थांबली. झडणंही हळूहळू गेलं. आणि संध्याकाळ कधी होते याची मी सकाळपासून वाट बघायला लागले... हा आजार नवीनच होता.

सभेच्या दिवशी पालक खुर्च्यांवर, मॅनेजर मध्ये, आणि मी उभी. ती बाई पुढच्याच रांगेत होती. "व्यक्तिशः काही नाही हं," ती गोड आवाजात म्हणाली, "पण मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे."

"माझ्या खांद्यावर आज काहीच नाही," मी म्हटलं. आवाज कापत होता, तो तसाच कापू दिला. "तुम्हाला कोंडा वाटला, तो कोंडा नव्हता. कातडी कोरडी पडली होती. रोज तुमच्या मुलांबरोबर क्लोरीनच्या पाण्यात राहून, आणि मग लोक काय म्हणतील म्हणून डोकं खरवडून. पण समजा तो कोंडाच असता, तरीसुद्धा मी पाण्यातच उभी राहिले असते. कारण तो लागत नाही. डॉक्टरांना विचारा, कुठल्याही. माझ्याऐवजी दुसरं कुणी आणायचं असेल तर आणा. पण मला शिकवता येत नाही म्हणून आणा. माझ्या डोक्यामुळे नाही."

मागून एक जाडजूड बाबा उठले. "अहो, माझ्या डोक्यात तर बारा महिने कोंडा. मग मी पोरीला मांडीवर घ्यायचं नाही की काय?"

हशा पिकला. मॅनेजर पेपरवेट फिरवायचा थांबला आणि घाईघाईनं म्हणाला, "ताई उद्यापासून पाण्यात उतरतील. विषय संपला."

त्या बाईनं पर्स आवळली. "विचारायला काय हरकत होती? मी तर फक्त विचारलं."

"काहीच हरकत नव्हती," मी म्हटलं. "फक्त मला विचारायला हवं होतंत."

तिनं माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलीला वेळेवर पाठवलं.

हे सगळं कधी एकदा त्याला सांगते असं मला झालं होतं. पण संध्याकाळी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्गालाही नाही. शेवटी तपासणीचं निमित्त होतंच, मी दवाखाना गाठला. बाहेर बसलेल्या बाईंनी सांगितलं, "तुम्हाला आता मोठ्या डॉक्टरबाई बघतील. सरांनीच तसं सांगितलंय."

"का?"

"ते नाही सांगितलं."

माझ्या मस्तकात पुन्हा आग झाली, आणि या वेळी शांपूचा काही संबंध नव्हता. म्हणजे मी नकोशी झाले? काठावर बसून गप्पा मारायला चालते, आणि माझा नंबर आला की दुसऱ्याकडे? मी तिथेच बसून राहिले. शेवटचा पेशंट गेला. तो बाहेर आला, मला पाहिलं आणि दारातच थबकला.

"तुम्ही मला टाळताय," मी म्हटलं.

"हो."

इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलंच नव्हतं. मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. "का...?"

"कारण पेशंटला..." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पेशंटला 'माझ्याबरोबर फिरायला येता का' असं विचारता येत नाही. नियम आहे. आणि नियम नसता तरी ते बरं दिसत नाही. म्हणून आधी तुम्हाला डॉक्टरबाईंकडे दिलं. म्हटलं, आता विचारायचं. मग धीरच होईना. तलावाच्या फाटकापर्यंत आलो... आणि परत गेलो."

बाहेरच्या बाईंनी कपाट आवरायचा आवाज अचानक मोठा केला.

"म्हणजे मला न विचारता माझा डॉक्टर बदललात," मी म्हटलं. "मला न विचारता ठरवलंत, मला काय वाटेल ते. आणि मी इकडे काय काय समजून बसले, माहीत आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं."

"हवंच होतं!"

"मग आता... आता विचारू?"

मी हाताची घडी घातली. "विचारा."

"फिरायला येता का? माझ्याबरोबर... आज. आणि जमलं तर उद्याही. आणि खरं सांगायचं तर, त्यानंतरही... मला तुम्ही फार आवडता. चिडलेल्यासुद्धा."

कपाटाचा आवाज साफ थांबला होता.

"नाही," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली.

"असं नाही विचारायचं," मी म्हटलं. "'येता का' काय? 'येतेस का' असं विचार."

त्यानं झटकन वर पाहिलं. आधी डोळे हसले, मग सगळा चेहरा. आणि त्यानं पुन्हा विचारलं, अजिबात न अडखळता.