दिसले तेवढेच

तिने त्याला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्याची जीभ दोनशे वर्षे जुन्या एका वैद्यकग्रंथाच्या पानाला लागलेली होती.

ती ग्रंथालयातली सूचिकार. वरच्या मजल्यावर बसून जुन्या पुस्तकांची वर्णने लिहिणे हे तिचे काम. शिडी आणायला म्हणून ती तळघरात उतरली आणि चुकीचे दार ढकलून दुरुस्तीच्या खोलीत शिरली. छताजवळच्या खिडकीतून तिरपे ऊन, खळीचा आंबूस वास, आणि मेजावर ओणवा झालेला हा नवा बांधणीकार.

“काय चाललंय?”

“चव बघतोय.” तो दचकलासुद्धा नाही.

“मग? कशी आहे?”

“जरा अळणीच.”

हसू अगदी ओठांपर्यंत आले होते. तिने ते गिळले आणि निष्कर्ष काढला: रानटी आहे, वर उद्धटही. विद्वत्तेचा हा एक मोठाच फायदा. अडाण्यांना पूर्वग्रह असतात; विद्वानांना निष्कर्ष काढता येतात.

पुढच्या तीन महिन्यांत पुराव्यांची रास जमली. ती खोलीत आली की तो हातातली सुई खाली ठेवी—म्हणजे कामचुकार. ती बोलू लागली की गालातल्या गालात हसे—म्हणजे अहंकारी. एकदाही तो वर, तिच्या मजल्यावर फिरकला नव्हता—म्हणजे तिला तुच्छ लेखत होता. हा शेवटचा मुद्दा इतका का टोचतो, याची चौकशी तिने केली नाही.

शुक्रवारी त्याची उमेदवारी संपत होती. कायम करायचे की घरी पाठवायचे, ते तिच्या अभिप्रायावर ठरणार होते. तिने सुवाच्य अक्षरात लिहिले: बेपर्वा. कामचुकार. अहंकारी. ठेवू नये.

ग्रंथपालांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर ढकलला. “अगं, पुस्तकाबद्दल असं लिहिलं असतंस का?”

तिचे कान तापले. वर्णनवहीचा नियम गेली दहा वर्षे तीच नव्या लोकांच्या कानीकपाळी ओरडत आली होती: डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे. ‘वाळवीने खाल्ले’ नव्हे. ‘पानांना भोके आहेत’. वाळवी पाहिलीत? नाही ना? मग गप्प बसा.

“चार वाजेपर्यंत वेळ आहे,” ते म्हणाले. “भोकं लिही. वाळवीचं मी बघतो.”

ती कोरा कागद घेऊन बसली. अहंकारी. हे खरे आहे? अर्थात! अगदी खात्रीने? …तिने पाहिले होते ते एक हसू. त्यामागचा माणूस तिने स्वतः रचला होता, फुरसतीने, तपशीलवार. आणि हे मानल्याने आपले काय होते? जिना उतरता उतरता आपण भांडण घोटून ठेवतो. मानले नसते तर? तर, बहुधा, त्याच्याबरोबर हसलो असतो.

तो मला तुच्छ लेखतो. तिने वाक्य उलटे करून पाहिले. मी त्याला तुच्छ लेखते. याला मात्र पुरावा होता, आणि तोही तिच्याच हस्ताक्षरात. तिला स्वतःचाच संताप आला. कपाटेच्या कपाटे वाचून आपण एवढेच शिकलो?

ती खाली गेली. दुरुस्तीच्या खोलीबाहेर एक वही असते. आत जाणाऱ्याने सही करून कारण लिहायचे. तिने पाने मागे उलटली. तिची सही एक्केचाळीस वेळा होती. कारण, प्रत्येक वेळी: शिडी. आणि शिडी मुळात त्या खोलीत नसतेच.

ती आत शिरली. त्याने सुई खाली ठेवली.

“का ठेवलीत?”

“अं…?”

“मी आले की तुम्ही काम थांबवता. त्याचा अर्थ माझा मीच लावून बसले होते. आता विचारतेय.”

“हात थरथरतो.”

“कशाने?”

“हे अभिप्रायात जाणार?”

“दिसलं तर जाईल.”

त्याने हात पुढे केला. बोटांवर सुकलेल्या खळीचे पापुद्रे होते, आणि हात खरोखरच थरथरत होता. तिने त्याला दोन बोटांचा आधार दिला, केवळ निरीक्षणासाठी. थरथर वाढली.

“आणि हसता कशाला?”

“रागावलात की तुम्ही चष्मा काढता. मग समोरचं काही दिसत नाही तुम्हाला. दोनदा पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला झापलंय तुम्ही.”

“…वर का येत नाही कधी?”

“कारण लागतं ना. माझ्याकडे तर शिडीचंही नाही.”

“तुम्ही ती वही वाचता?”

“रोज. नवीन काही लिहिलंय का म्हणून.”

तिने विषय घाईघाईने बदलला. “आणि ते चाटणं?”

“कागद जिभेला चिकटला, तर ओल रोखणारा त्यातला सरस गेलेला असतो. असं पान पाण्यात धुवायला घेतलं की संपलं. ओल्या बोटानंही कळतं म्हणा.”

“मग बोट लावा की!”

“ते चुकतंच माझं. लिहा तुम्ही.”

त्याच्याच मेजावर तिने लिहिले: ‘हे गृहस्थ पानाला जीभ लावतात, हे मी पाहिले आहे. याखेरीज माझे मत धरू नये. त्यांच्या बाबतीत मी निष्पक्ष नाही. कृपया पुस्तके तपासावीत.’

तो उलट्या बाजूने वाचत होता. “निष्पक्ष नाही, म्हणजे… नेमक्या कुठल्या बाजूला?”

“तुमच्या.”

तिने कागदाची घडी घातली.

“पण यानं तुमची नोकरी वाचत नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाही वाचली तर नाही. पुस्तकं बघतील ते.”

कागद वाचून ग्रंथपाल खाली उतरले. त्याने तीन महिन्यांत बांधलेली सतराही पुस्तके उघडून त्यांनी दोरे ओढून पाहिले, कण्यांवरून अंगठा फिरवला आणि पाचला पाच कमी असताना लिहिले: ठेवावे. जाता जाता तिला म्हणाले, “शिवण पक्की आहे. जीभ तेवढी आत ठेवायला सांग.”

ती दोघे बरोबरच फाटकाबाहेर पडली. रस्ता कोपऱ्यावर दुभंगत होता. तो डावीकडे वळणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तो उजवीकडे वळला.

ती खळखळून हसली, दोन पावले धावली आणि त्याला गाठून म्हणाली, “इकडे काय आहे?”