पाणी शेवटी

आमच्या उस्तादांचा एक नियम होता. प्रांताची प्रतिकृती करताना आधी डोंगर, मग रस्ते, मग गावं, आणि पाणी सगळ्यांत शेवटी. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. ते वारले आणि प्रांताच्या संग्रहालयातलं त्यांचं अर्धवट काम माझ्या गळ्यात पडलं.

काम देखणं होतं हो. दालनभर पसरलेल्या प्लास्टरमध्ये अख्खा प्रांत: उत्तरेचं कोरडं पठार, जुन्या राजवटींचे पडके किल्ले, मिठागरांचा किनारा, आणि मधल्या खोऱ्यात, धरणाखाली, माझ्या ताईचं गाव. तिचं घर मी मुद्दाम स्वतःच्या हातानं बसवलं होतं, गच्चीसकट.

उद्घाटन दुसऱ्याच दिवशी. अति घाई संकटात नेई, हे रस्त्यावरच्या पाट्याही सांगतात. पण आम्ही पाट्या वाचतो कुठे? काही गावं बसवायची राहिली असतानाच मी धरण निळं करून टाकलं.

जेवून परतलो, दालनाला आतून कडी लावली आणि बघतो तर निळा ओघळ धरणाच्या भिंतीवरून ताईच्या गावापर्यंत उतरलेला. रंग पातळ झाला असेल म्हणून फडक्यानं टिपला. तो पुन्हा आला.

तेवढ्यात ताईचा फोन.

"अरे, अंगणात पाणी शिरलंय. पाऊस नाही, काही नाही. हेसुद्धा बाहेर गेलेत."

"आधी गच्चीवर जा," म्हणालो आणि नकळत ओघळावर अंगठा दाबून धरला.

"अगं बाई... भर दुपारी अंधार कसा पडला?"

मी चटकन अंगठा उचलला.

"आता उजेड आला. पण पाणी जिन्याला लागलंय रे..."

विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला वेळच नव्हता. फोन स्पीकरवर टाकला, चाकू घेतला आणि खोऱ्यातला निळा रंग खरवडू लागलो. घराला धक्का लागला तर? म्हणून इतका वाकलो की नाक तिच्या गच्चीला टेकायचं बाकी होतं.

"उतरतंय," ती म्हणाली. "उतरलं बघ. अंगण दिसायला लागलं."

मला रडूच आलं. चाकू बाजूला ठेवला, पण सरळ व्हायचंही त्राण नव्हतं.

"ऐकतोयस ना? वरून गरम वारा येतोय... थांबून थांबून. कुणीतरी श्वास घेतल्यासारखा..."

मी श्वास रोखून धरला.

मग ताई अगदी हळू आवाजात म्हणाली,

"एक श्वास थांबला... दुसरा चालूच आहे."