माश्यांना कुणी सांगितलंच नाही

नेदर ॲशकम गावात बातमी दोन वाटांनी फिरायची. एक पोस्टातल्या हेस्टरच्या तोंडून, आणि दुसरी चर्चच्या फाटकाशी लावलेल्या काचेच्या फळ्यावरून. पहिली वाट जलद, पण गल्ली ओलांडेपर्यंत बातमीला शेपूट फुटलेलं असायचं. दुसरी सावकाश, पण खरी. त्या फळ्याला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली म्हाताऱ्या सायलस वीडनच्या गळ्यात, बुटाच्या नाडीला बांधलेली असायची. रस्त्याकडेची कुंपणं छाटण्यात त्याचा जन्म गेला. हात थकले तेव्हा गावानं त्याला हे हलकं काम दिलं. दर शनिवारी दुपारी जुन्या चिठ्ठ्या काढायच्या, नव्या लावायच्या.

त्या शनिवारीही तो तेवढ्याचसाठी निघाला होता. धुकं सकाळपासून हललं नव्हतं. हातात चार चिठ्ठ्या. सभागृहाचं छप्पर गळतं आहे, तरी मंडळींनी जागा बघून बसावं. जुन्या कपड्यांच्या विक्रीत गेल्या साली न खपलेले कपडे कृपा करून पुन्हा आणू नयेत. करडं मांजर हरवलं आहे, नाव बिशप, हाक मारल्यास येत नाही. चौथी चिठ्ठी होती काळ्या काठाची. जेथ्रो कोल, मधवाला, याचं निधन.

ही काळी चिठ्ठी सायलस उन्हाळा सरल्यापासून लावत होता. जेथ्रो गेला ऑगस्टात, छातीत सर्दी भरून. लावलेली चिठ्ठी पुढच्या शनिवारपर्यंत काही टिकायची नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, टाचणी निसटली. मग एकदा जेथ्रोची बायको थिर्झा स्वतःच आली आणि म्हणाली, "उघड रे कुलूप, मला ती बघवत नाही." त्यानं उघडलं. तिला नाही म्हणायचं त्याला कधी जमलंच नव्हतं. तिच्या आणि जेथ्रोच्या लग्नाची सूचनाही याच फळ्यावर त्यानंच लावली होती, तरणा असताना, हे काम त्याचं नसतानाही, जेथ्रोनं गळ घातली म्हणून. टाचणी बोटात घुसली होती तेव्हा.

आज काचेपाशी येऊन तो थबकला. आत एक चिठ्ठी होती, त्यानं न लावलेली. निळ्या पेन्सिलीनं, डावीकडे कललेल्या अक्षरांत लिहिलेलं: "मध काढला आहे. रिकामी बरणी दाराशी ठेवावी. जे. कोल."

वाचायला सायलसला जेमतेम यायचं, पण अक्षर त्याला माणसाच्या चालीसारखं ओळखू यायचं. हे जेथ्रोचंच. कुलूप जागच्या जागी होतं. त्यानं उघडून चिठ्ठी हातात घेतली. कागदाला मेणाचा वास होता.

तो तसाच पोस्टात गेला.

"हेस्टर, हे कुणी लावलं गं?"

"थिर्झाबाईनं लावलं असेल, काका. दुसरं कोण?"

"किल्ली माझ्या गळ्यात आहे."

"मग तुम्हीच लावून विसरलात. परवा नाही का, डोक्यावर टोपी आणि दुकानभर टोपी शोधत होतात!" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून हसू आवरलं. "अहो, गेल्या महिन्यातही होती की अशी चिठ्ठी, एकच दिवस. मी बरणी ठेवली दाराशी. सकाळी भरलेली."

"तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं तर. पण दुःखातल्या बाईला बरण्यांचं विचारायचं कसं? बरं दिसतं का ते?"

सायलसनं चिठ्ठी खिशात घातली. मग हळूच म्हणाला, "हेस्टर, माश्यांना कुणी सांगितलं?"

हेस्टरचा हात तिकिटांवर थांबला. त्या गावात हे लहान मुलालाही ठाऊक. घरचा धनी गेला की त्याच दिवशी घराची चावी घेऊन मधपेट्यांकडे जायचं, एकेका पेटीवर टकटक करायचं आणि सांगायचं, तुमचा धनी गेला. मग पेटीला सुतकाची काळी फीत बांधायची. फळा माणसांसाठी असतो. माश्या फळा वाचत नाहीत, त्यांना तोंडीच सांगावं लागतं. न सांगितलं तर त्यांच्या लेखी धनी जिवंतच. आणि जो माश्यांच्या लेखी जिवंत, त्याला त्या जाऊ देत नाहीत. जुनी माणसं याच्या पुढचंही बोलायची. अशा घरातून मग आणखी एक माणूस जातं.

"पाद्रीबाबांनी सांगितलं असेल ना?" हेस्टरनं विचारलं.

"ते म्हणाले, हे घरच्यांचं काम."

"मला वाटलं, जेथ्रोचा पुतण्या सांगून गेला."

"आणि मला वाटलं, तुम्ही बायकांनी."

म्हणजे कुणीच नाही. सगळ्या गावाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. विचारणं वाईट दिसतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

"काका," हेस्टर आवाज खाली आणून म्हणाली, "थिर्झाबाई किती वाळलीय बघितलंत? डॉक्टर म्हणतो, दुखणं काही नाही. पण अंगावरचा कोट तिला कोट नाही राहिला, तंबू झालाय."

सायलसनं टोपी चाचपली, आणि तो गल्लीनं खाली निघाला.

कोलांचं घर गावाच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे. झाडांखाली पडून कुजलेल्या सफरचंदांचा आंबूस वास वाटेवर भरला होता. आणखी जवळ गेल्यावर त्या वासात धूर मिसळला. मधपेट्या उघडताना माश्यांना गप्प करायला जुनी गोणपाटं जाळतात ना, तो धूर. ऑक्टोबरात कुणी पेट्या उघडत नाही. सायलस चालत राहिला. 

थिर्झानं दार उघडलं. हेस्टर बोलली ते थोडंच होतं. चेहऱ्यावर डोळेच तेवढे उरले होते.

"ये, सायलस. चहा ठेवलाच आहे."

मेजावर दोन कप होते. तिनं तिसरा काढला. सायलसनं ते पाहिलं, आणि तिनं त्याला पाहताना पाहिलं.

"बोल ना मग," ती म्हणाली. "म्हण की, म्हातारीला वेड लागलंय."

"मी कुठं काय म्हणतोय?"

"तू कधीच काही म्हणत नाहीस. जन्मभर कुंपणं छाटलीस आणि आतल्या आत राहिलास."

तो कसनुसा हसला. त्यानं ती निळी चिठ्ठी मेजावर ठेवली. थिर्झानं तिच्यावरून बोट फिरवलं, गालावरून फिरवावं तसं.

"तो येतो रे," ती म्हणाली. "दुपार कलली की. त्या खिडकीतून दिसतो. जाळीची टोपी घालून पेट्यांवर वाकलेला. काम करतो बिचारा. त्याला माहीतच नाही."

"तुझ्याशी बोलतो?"

"आधी नुसता दिसायचा. मग मी चहाला हाक मारायला लागले, तर परसदारापर्यंत यायला लागला. उंबऱ्याशी थांबतो. आत येत नाही." तिनं शाल आवळली. "काल त्यानं मला हाक मारली, सायलस. म्हणाला, थिर्झा, बाहेर ये... इथं ऊन आहे..."

खिडकीबाहेर धुकं होतं. कित्येक दिवसांत त्या गावानं ऊन पाहिलं नव्हतं.

"मग?"

"मी चपला घातल्या होत्या. तेवढ्यात किटली उतू गेली. आज मात्र जाणार आहे मी."

सायलसनं कप खाली ठेवला. बशी वाजली.

"थिर्झा, घराची चावी दे मला."

तिला कळलं. ती एकदम उठली, खुर्ची मागे कलंडली. "नाही! तू त्यांना सांगशील. मग तो... मग तो मरेल, सायलस."

"तो मेलाय, बाई. आपण दोघांनी त्याला माती दिली."

"तुझं काय जातंय सांगायला! रात्रभर या घरात मला बसायचंय. मुळीच देणार नाही. तू ऊठ आणि जा."

तो उठला नाही. टोपी गुडघ्यावर घेऊन बसून राहिला. मग तो म्हणाला, "अगं, तो तिकडे राबतोय. मेल्यावरही राबतोय. माणसाला कधीतरी हातपाय धुऊन बसू द्यावं की नाही?"

थिर्झानं तोंडावर पदरासारखी शाल घेतली. मग एप्रनच्या खिशातून चावी काढून मेजावर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "शिवणाच्या डब्यात काळी फीत आहे," ती म्हणाली. "नीट बांध. त्याला गबाळं काम आवडत नाही."

परसात ओळीनं मधपेट्या होत्या. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. पेट्यांच्या आत मात्र घूं... घूं... चालू होतं, थंडीत असतं त्याहून मोठं. जणू आतली सगळी वस्ती कसली तरी वाट पाहत जागी होती.

सायलस पहिल्या पेटीपाशी गेला. चावीनं टकटक केलं.

"माश्यांनो, तुमचा धनी गेला. जेथ्रो गेला. आता बाईसाठी राहा."

आतला आवाज थांबला. पार थांबला. त्यानं फीत बांधली. बोटं वळत नव्हती, गाठ वेडीवाकडीच बसली. दुसऱ्या पेटीवर टकटक. तीही गप्प. एकेक पेटी मुकी होत गेली तशी बागेतली शांतता मागून जवळ येत होती, आणि धुराचा वास दाट होत होता.

शेवटच्या पेटीवर त्यानं चावी उचलली, आणि पेटीच्या पलीकडे कुणीतरी उभं असलेलं दिसलं.

अंगात जुना पांढरा झगा. तोंडावर काळी जाळी. जाळीमागे चेहरा असेल तर धुक्यात दिसत नव्हता. एक हात पेटीच्या झाकणावर ठेवलेला.

"टकटक ऐकली," तो म्हणाला. आवाज जेथ्रोचाच, फक्त लांबून आल्यासारखा. "कोण गेलं रे, सायलस?"

सायलसनं उचललेली चावी तशीच हवेत राहिली.

"बोल ना..." जाळी थोडी पुढे झुकली. "थिर्झा नाही ना? हाका मारतो तर बाहेर येत नाही ती... सायलस, थिर्झा नाही ना रे?"

त्या आवाजात अशी काही धास्ती होती की सायलसची भीतीच विरघळली, आणि डोळे भरून आले. ज्याला भ्यायचं तोच भ्यालेला.

"नाही. थिर्झा आहे. घरात आहे."

"देवाची कृपा." झाकणावरचा हात सैल पडला. "मग कुणी का असेना, सोसेल. कोण?"

सायलसनं पेटीवर टकटक केलं. माश्यांनाच सांगतो आहे असं खाली बघून म्हणाला, "तुमचा धनी गेला."

 सायलसनं मान वर केली नाही.

"असं होय..." पलीकडून आवाज आला. "तरीच. मध काढतो तर हाताला चिकटत नाही." मग आणखी हळू, "तिला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी रोज चहा ठेवायची." तो थोडा हसल्यासारखं वाटलं. "वेडी आहे. लक्ष ठेव रे..."

शेवटच्या पेटीतली गुणगुण थांबली. सायलसनं वर पाहिलं तेव्हा धुकंच होतं. मागे घरातून थिर्झाचं रडणं ऐकू आलं. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, मोठ्यानं, लहान पोरीसारखी.

त्या शनिवारी काळी चिठ्ठी फळ्यावर लागली, आणि राहिली. लोक येऊन टोपी काढून वाचून गेले. हेस्टर थिर्झासाठी केक घेऊन गेली आणि तासभर बसून गावच्या भानगडी सांगून आली. थिर्झा जेवायला लागली. तिच्या गालांवर रंग आला. एकदा तर ती स्वतः फळ्यापाशी येऊन हरवलेल्या मांजराची चिठ्ठी वाचून खुदकन हसलेली सायलसनं पाहिली, आणि त्या दिवशी कित्येक वर्षांनी तो शीळ घालत घरी गेला.

फिती उतरवायचा दिवस ठरलेला असतो, महिना उलटून येणाऱ्या रविवारची प्रार्थना झाली की. सायलस गेला. रात्रभर पाऊस पडून गेला होता. गवत चिंब, पेट्यांची लाकडं भिजून काळी पडलेली. पहिल्या पेटीवर त्याची वेडीवाकडी गाठ होती. फीत इतकी भिजली होती की बोटांत धरताच पाणी निथळलं.

तिच्याखाली दुसरी फीत होती.

तो दुसऱ्या पेटीकडे गेला. तिच्यावरही दोन. पुढचीवरही. शेवटच्या पेटीपर्यंत, प्रत्येकीवर दोन दोन. एक त्यानं बांधलेली. दुसरीची गाठ सुबक, एकसारखी, गबाळं काम न आवडणाऱ्या माणसाची. त्यानं पेटीला कान लावला. आत श्वासाइतकाही आवाज नव्हता. सांगितल्यावर माश्या अशाच गप्प होतात. म्हणजे जेथ्रोनंही त्यांना कुणाचं तरी जाणं सांगितलं होतं.

"सायलस!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून थिर्झानं हाक मारली. गाल सफरचंदासारखे, हातात पिठाचं भांडं. "काय बघत उभा राहिलायस? चहा गार होतोय!"

"आलो," तो म्हणाला.

पण त्याचा हात त्या दुसऱ्या फितीवरच होता. चहूकडे सगळं ओलंचिंब होतं, आणि ती फीत कोरडी होती, उन्हात बांधल्यासारखी.