जमुनाच्या पोटावरची पांढरी रेघ

"भावना, असशील तशी बोईसरला ये. तुझ्या त्या यंत्रापायी माझी पेशंट हातची जायला आलीय."

डॉक्टर राजनंदिनी म्हणजे मोजून बोलणारी सर्जन. फोनवर तिचा आवाज चढला म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं. भावना पालघरच्या घरी जेवायला बसत होती. वाढलेलं ताट तसंच झाकून ती निघाली.

बोईसरच्या त्या खासगी इस्पितळात खाली सीटी स्कॅन होता आणि वर ऑपरेशन थिएटर. स्कॅनचं चित्र नीट यावं, पण माणसाला गरजेपेक्षा जास्त किरणं बसू नयेत, हे पाहायला भावना तिथे भौतिकतज्ज्ञ म्हणून जात असे. किरणं कमी सोडली तर चित्र रवाळ होतं, रोग लपून राहतो. जास्त सोडली तर चित्र सुरेख, पण भुर्दंड माणसाच्या अंगाला. या दोघांचा मेळ घालणं सोपं नव्हे.

"विक्रमगडकडची पोरगी आहे, जमुना," राजनंदिनी जिन्यातच सांगू लागली. "पोटात दुखतंय म्हणून परवा आणली. सोनोग्राफीत वायूमुळे काही दिसेना. स्कॅन केला, तर नेमके खाली उजवीकडे फराटेच फराटे. अपेंडिक्स दिसलंच नाही. आम्ही थांबलो, आणि आज ती तापाने फणफणलीय. आत पू झालाय. कुठे, ते कळल्याशिवाय सुरी कुठे लावू?"

"मग पुन्हा स्कॅन कर."

"करायचाच आहे. पण चित्र पुन्हा तसंच आलं तर ती वाचायची नाही."

तंत्रज्ञ हितेश पडद्यासमोर घाम पुसत बसला होता. त्याने परवाचं चित्र काढलं. जमुनाच्या ओटीपोटावर एक पांढरी रेघ, आणि तिच्यापासून आत पसरलेले काळे-पांढरे फराटे. भावनाने कोपऱ्यातला किरणांचा आकडा पाहिला आणि ती चमकली. एखाद्या धिप्पाड ट्रक ड्रायव्हरला बसावीत तेवढी किरणं त्या काटकुळ्या पोरीला बसली होती.

"तू वाढवलीस?"

"आईशपथ नाही, मॅडम. यंत्र स्वतःच कमी-जास्त करतं."

"आणि ही रेघ?"

"कमरेची साखळी असणार. डोंगरातल्या बायका काढतच नाहीत. असं आधीही झालंय."

"कुणाकुणाचं?"

"बायकांचंच."

"म्हाताऱ्यांचंसुद्धा?"

हितेश विचारात पडला. "नाही. तरण्या बायकांचंच."

भावनाने तपासणीचा पाण्याने भरलेला डबा यंत्रात ठेवून चित्र काढलं. एकसारखं, करडं, स्वच्छ. यंत्र निर्दोष होतं.

बाहेर बाकड्यावर जमुनाची सासू राहीबाई बसली होती. साखळीचं विचारताच तिने पदराची गाठ सोडली. चांदीची साखळी तिथेच होती.

"आत न्यायच्या आदीच म्या काडली. दागिना हाय, हरवंल म्हून."

"बाहेर आल्यावर जमुना काही म्हणाली?"

"पोटावं जड जड वाटत व्हतं म्हनली. म्या म्हनलं, दुखतंय म्हून वाटत असंल." राहीबाईने भावनाचा हात धरला. "बाई, माजी सून वाचंल ना? सून कसली, लेकच हाय माजी."

"वाचेल," भावना म्हणाली.

किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून रोज एसटीने येणारी आया वत्सलामावशी तेवढ्यात चहा घेऊन आली. इस्पितळातल्या बायांचा तिच्यावर फार जीव. "घाबरू नको बाय," ती राहीबाईला म्हणाली. "आत मी हाय ना. पोरीला आईसारकी जपते."

भावना कपडे बदलण्याच्या खोलीत डोकावली. खुंटीवर शिशाचा जुना एप्रन लटकत होता, किरणं अडवणारा. त्याची खालची कड कुणीतरी कात्रीने कापून नेली होती.

ती परत पडद्याशी आली. "हितेश, स्कॅनच्या आधी पोटाचा नकाशा काढतोस ना? तो दाखव."

नकाशात, म्हणजे जागा ठरवायला आधी काढलेल्या त्या साध्या चित्रात, रेघ नव्हती.

"नकाशानंतर आत कोण जातं?"

"मी, औषधाची सुई जोडायला. मग मावशी, बायकांच्या अंगावरची चादर सारखी करायला. मी पुरुष माणूस, तेव्हा मी मान फिरवून बसतो."

जमुनाला खाली आणलं. नकाशा झाला, सुई जोडली, मावशी आत जाऊन आली. हितेशने बटणाकडे बोट नेलं.

"थांब," म्हणत भावना आत गेली आणि तिने चादर उचलली. जमुनाच्या ओटीपोटावर फुलाफुलांच्या लुगड्याची एक उशी होती. हातभर लांब आणि चांगलीच जड.

उशी बाहेर आली आणि स्कॅन झाला. चित्र लख्ख, किरणं बेताची. पुवाची गाठ स्पष्ट दिसत होती. ती पाहताच राजनंदिनी जमुनाला घेऊन वर धावली.

मागे तिघंच उरली. भावना तासभर आधीच्या बायकांची चित्रं तपासत बसली, मग तिने उशी टेबलावर ठेवली.

"यात एप्रनचं शिसं आहे. रेघ नकाशात नव्हती, चित्रात होती. म्हणजे ती मधल्या वेळात आली. हितेश सुई पुरुषांनाही जोडतो, पण फराटे फक्त तरण्या बायकांवर. चादरीखाली हात फक्त तुमचा जातो, मावशी."

वत्सला लपवाछपवी करणारी नव्हती. "किरनं अडवायला ठेवते मी. एक्स-रेवाले शिसं घालतात, मी पायलंय ना. पोरींची कूस जलू नये म्हनून."

"हे यंत्र फिरता फिरता बघतं, पोटातून पलीकडे किती किरणं पोचतात. शिसं आडवं आलं की त्याला वाटतं, माणूस फार जाड आहे. मग ते आणखी किरणं सोडतं. पुढून शिसं आहे, पण दोन्ही बाजूंनी आणि पाठीतून ती आत शिरतातच. चित्र फाटतं ते वेगळंच."

"म्हनजे मीच..." वत्सलाने स्टूल ओढलं आणि ती त्यावर बसली. "त्या पोरींना काय होल?"

"काही होणार नाही. पण जमुनाचं दुखणं परवाच दिसायला हवं होतं."

वत्सलाने उशी मांडीवर ओढून घेतली. "माजी सून मेघाली. तिचा पोटाचा फोटो काडला, त्याच्यानंतर तिला पोर झाला नाय. अख्खा गाव म्हनाला, किरनांनी कूस जलली. दुसऱ्या पोरीचा तसा होऊ नये, येवढाच बगितला मी."

"एका स्कॅनने कूस जळत नाही, मावशी." भावनाने हे सवयीने सांगितलं आणि वत्सलाचा चेहरा पाहून तिलाच भीती वाटली.

"अजिबात नाय जलत?"

"नाही."

राहीबाई जिना उतरून धावतच आली. "पू काडला! वाचली माजी सून!" म्हणत तिने समोर दिसलेल्या वत्सलाच्याच गळ्यात मिठी मारली. "तुमीच सांबाळली तिला, मावशी."

वत्सलाचे हात वर उठले नाहीत. राहीबाईच्या खांद्यावरून ती भावनाकडे बघत राहिली.

"मग मेघालीचा काडीमोड मी कशापायी केला, बाय?"

राहीबाईला काहीच कळलं नाही. ती आनंदाने रडत होती.